वाढलेली नखं

३ एप्रिल २०१६

काल भानूचा तेरावा झाला. पाहुणे गेले. सुतकात नखं काढायची नाहीत म्हणून ठेवली होती. आज काढायला बसलो — पायाच्या बोटांपर्यंत हातच नीट पोचेना. चष्मा लावूनही कडा दिसेना. साखरेमुळे माझ्या पायाला काही कळत नाही. "नेलकटर यांच्या हातात द्यायचं नाही," असं डॉक्टरांनी भानूला बजावलं होतं. तीच काढायची, मागच्या पायरीवर, उन्हात. "हलू नका हो! अंगठा तुमचा आहे, माझा नाही."

नेलकटर परत डब्यात ठेवलं.

५ एप्रिल

मृण्मयीने बघितलं वाटतं. "बाबा, आणा इकडे पाय. मी काढते." नको म्हणालो. सुनेने नमस्काराला वाकणं वेगळं. तिच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा? तिने परत विचारलं नाही.

८ एप्रिल

पाडवा. यंदा गुढी नाही.

९ एप्रिल

नळ नाही. सकाळी टँकरसाठी रांग. नख चादरीत अडकलेलं हिमांशूने पाहिलं. "पेडिक्युअर करून घ्या बाबा. हल्ली पुरुषही जातात!" चितेगावला कंपनीत जाता जाता मला जालना रोडच्या नव्या पार्लरमध्ये सोडून गेला.

तिथल्या मुलीने आधीच विचारलं, "काका, शुगरबिगर नाही ना? असली तर आम्ही पायाला हात लावत नाही." आजूबाजूला चार बायका. असल्या प्रश्नांना दवाखान्यात भानूच उत्तर द्यायची. मी "नाही" म्हणालो! हो म्हटलं असतं तर नखं तशीच घेऊन परत यावं लागलं असतं.

टबभर पाणी. एवढ्या पाण्यात घरची सगळी भांडी झाली असती. "लई गरम नाही ना?" मला काय कळणार! नाही म्हणालो. तिने टाच खरवडली, अंगठ्याच्या कोपऱ्यात काहीतरी टोकदार घातलं. "गुदगुल्या पण नाय होत? कमाल आहे काका!" सगळ्या हसल्या. मीही हसलो.

११ एप्रिल

अंगठा लाल. मोज्याला डाग. दुखत नाही. हळद लावली.

१४ एप्रिल

मृण्मयी — "एवढ्या उन्हाळ्यात घरात मोजे?" थंडी वाजते म्हणालो. खरंच वाजत होती.

१६ एप्रिल

काल ताप चढला. मृण्मयीने मोजे ओढून काढले आणि नाकाला ओढणी लावली. तसंच दवाखान्यात आणलं. अंगठा काळा पडलाय. हिमांशू संतापला — "त्या पोरीला सोडत नाही. कोर्टात खेचतो!"

"तिने विचारलं होतं रे. मीच नाही म्हणालो."

तो भिंतीकडे बघत उभा राहिला. "तिथं मीच सोडलं तुम्हाला," एवढंच बोलला.

१८ एप्रिल

अंगठा काढला. पाय राहील का, ते अजून सांगत नाहीत.

१९ एप्रिल

मृण्मयी डबा घेऊन आली. उशाशी बसली ती रडायलाच लागली. "आई आजारात झोपून होत्या ना, तेव्हा तुमची नखं कशी काढायची ते त्यांनी मला शिकवलं होतं. स्वतःचा पाय पुढे करून! म्हणाल्या होत्या — ते नको म्हणतील, अजिबात ऐकू नकोस. आणि मी ऐकलं, बाबा."