रस्त्यात डोळे चमकले तर

टॅरिंगल,
११ मे

प्रिय थोरा,

तू बरी असशील, निदान गुडघा सोडून बाकी सगळी. नाताळच्या कार्डावर तू दोनच ओळी लिहिल्या होत्यास आणि त्या दोन्ही गुडघ्यावर खर्च केल्यास, म्हणून आधी त्याचीच चौकशी. इकडे थंडी पडायला लागली. कॅमेलियाला कळ्या आल्यात. डगनं बेकरी विकली. नव्या लोकांच्या लॅमिंग्टन केकवर खोबरं नुसतं दिसतं, चवीला लागत नाही.

बरं, पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. मेलबर्नहून फ्रेया नावाच्या एका मुलीचा फोन आला होता. आपलं ‘भंगारातलं घर’ तिच्या प्रकाशनाला पुन्हा छापायचंय. लहानपणी तिच्या आजीनं तिला ते इतक्यांदा वाचून दाखवलं, की पानं शिवून घ्यावी लागली म्हणे. मी म्हटलं, “अगं, आम्ही दोघी बहिणी म्हाताऱ्या झालो.” तर म्हणाली, “पुस्तक नाही झालं.”

फोन ठेवला आणि दिवसभर मी त्या कचराडेपोवरच होते. माळावरचं सगळं मेंढ्यांनी आणि कोल्ह्यांनी संपवलेलं, आणि आपल्या गावचे लांबनाके बँडिकूट मोडक्या गाड्यांच्या सीटखाली संसार थाटून बसलेले. तू जुन्या होल्डन गाडीच्या टपावर रंगांची पेटी मांडीवर घेऊन बसायचीस. मी खाली उभी राहून वाक्यं मोठ्यानं म्हणून बघायचे. आणि पिवळ्या रेनकोटातली ती, पालथी पडून, दाराच्या फटीत नाक घालून. “हलू नकोस गं!” तू ओरडायचीस. “मी कुठं हलतेय? तोच हलतोय!” हसता हसता तुझ्या हातून रंग सांडला तो दिवस आठवतो? तो तपकिरी डाग तसाच छापला गेला. माझ्या वर्गातली मुलं त्याला चिखल समजायची आणि बोटानं खरवडून बघायची.

आता पुढचं सांगते. गेल्या आठवड्यात नदीपलीकडच्या माळावर बँडिकूट परत सोडले. कोल्हा येऊ नये म्हणून सगळीकडून कुंपण घातलंय. शाळेची मुलं आली होती, आणि सोडण्याआधी मी पुस्तक वाचावं असं बाईंनी सांगितलं होतं. वाचलं. शेवटचं पान आठवतं ना? मुलगी रिकाम्या गाडीपाशी एकटी उभी आहे, आणि खाली ‘तुम्हाला कुठं दिसला तर आम्हाला कळवा.’ मग त्या पोरांसमोर खोकं उघडलं. सशाएवढा जीव, कमरेवर फिकट पट्टे, लांबोडकं नाक. क्षणभर थांबून त्यानं वास घेतला आणि गवतात शिरला. टाळ्या वाजवायच्या नाहीत असं मुलांना बजावलं होतं. म्हणून सगळी तोंडावर हात दाबून नाचत होती. थोरा, तू असायला हवी होतीस.

तेवढ्यात इंडी नावाच्या एका चिमुरडीनं विचारलं, “त्या पुस्तकातली मुलगी आता कुठंय?”

मी म्हटलं, “ती मोठी झाली. तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचं होतं.”

“मग झाली?”

बाई तिला गप्प करायला लागल्या. पण मला खोटं बोलवेना. म्हटलं, “नाही गं राणी. ती गाडी चालवत होती, रस्त्यात उड्या मारत वॉलबी आली. तिला वाचवायला हिनं गाडी वळवली आणि गाडी झाडावर आदळली.”

इंडीनं थोडा विचार केला. “वॉलबी वाचली?”

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. मी म्हटलं, “मला माहीत नाही.”

लिओनी. बघ, लिहिलं शेवटी. पत्रभर टाळत होते.

फ्रेयाला दोन गोष्टी हव्यात. एक, शेवटी नवं चित्र, बँडिकूट परत आल्याचं. तू काढणार नसलीस तर ती दुसऱ्या कुणाकडून काढून घेईल. दुसरी गोष्ट अवघड आहे. तिला मागच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत पुस्तकातलं ते वाक्य हवंय: ‘रस्त्यात डोळे चमकले तर थांबायचं. कुणीतरी घरी चाललंय.’

तिच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या पायऱ्यांवर तू म्हणालीस, “हे तू शिकवलंस तिला.” मग तू टास्मानियाला गेलीस, आणि मी पुन्हा पुस्तक लिहिलं नाही. तू सांग. तू नको म्हणालीस तर ते वाक्य कव्हरवरच काय, आतूनही जाईल. आणि त्याशिवाय पुस्तक छापणार नाही म्हणाले, तर नको छापू देत.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
मर्ल

॰

होबार्ट,
२४ मे

मर्ल,

तुमच्याकडे एक बँडिकूट सुटला तर शाळा गोळा होते. इथं ते रोज माझी हिरवळ नांगरून जातात. शेजारचा नेव्हिल म्हणतो, सापळा लाव. मी म्हटलं, लावीन, पण आधी तुझ्या दारात.

तुझं पत्र उघडायला मला वेळ लागला, आणि वाचून झाल्यावर उत्तर लिहायला त्याहून जास्त.

पायऱ्यांवर काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. कुणावर तरी ओरडायचं होतं आणि तू सगळ्यात जवळ उभी होतीस. पुढं ते मागं घ्यायला मी तुझ्याजवळ उरलेच नाही.

पण ते वाक्य तुझं नाहीच मुळी. विसरलीस? आपण रात्री पोर्टलंडहून परत येत होतो. ती जेमतेम चार वर्षांची, माझ्या शेजारी. एकदम किंचाळली, “आई, डोळे! थांब!” रस्ता ओलांडणारा एक पॉसम होता. मी करकचून ब्रेक दाबला, तू मागच्या सीटवरून खाली आलीस आणि मला शिव्या घातल्यास. तेव्हा तिनं तुला दटावलं, “मावशी, डोळे चमकले तर थांबायचं. कुणीतरी घरी चाललंय.” पुस्तक त्यानंतर चार वर्षांनी झालं. तू ते लिहिलं नसतंस तरी तिनं गाडी वळवलीच असती. हे मला पायऱ्यांवरही माहीत होतं.

त्या इंडीला सांग, वॉलबी वाचली. पोलीस शिपायानं मला सांगितलं होतं. तो पोचला तेव्हा ती रस्त्याकडेला उभी होती, आणि पोटाच्या पिशवीतून पिल्लाचं डोकं बाहेर आलेलं. कितीतरी वर्षं मला त्या पिल्लाचा राग यायचा. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आता त्याची पिल्लं, त्यांची पिल्लं तुमच्याकडे कुंपणं ओलांडत फिरत असतील. फिरू देत.

वाक्य ठेव. फक्त त्याखाली ते कुणी म्हटलं त्याचं नाव घालायला सांग. चित्र मीच काढीन. फोटो पाठवू नकोस, फोटोवरून काढलेला प्राणी पेंढा भरल्यासारखा दिसतो. मला त्या माळावर बसून बघायचंय. जूनमधल्या पहिल्या बोटीचं तिकीट काढलंय. घ्यायला ये, आणि गाडी हळू चालव.

लिओनीची आई