लाल फडक्यातलं पुस्तक

स्वप्नाली,

तुझ्या आईची दवाखान्याची पिशवी मी एकट्यानं भरली, एक वस्तू चुकली न्हाय, असं बारामतीपत्तुर येष्टीत सगळ्यास्नी सांगत गेलो. तितं पास्टरनं प्रार्थनेच्या पुस्तकाचं लाल फडकं सोडलं, तर आतनं पाण्याच्या मोटारीचं माहितीपत्रक निघालं. कामाचं कागद लाल फडक्यात बांधायची खोड माझीच. आई एवढी हसली की सलाइनची सुई निघाली.

डॉक्टर म्हणलं, दोन-तीन दिवसच हायती, लेकीला बोलवा. माझा जीव थाऱ्यावर न्हाय. ती मातर निवांत. म्हणती, "येशू माझा मेंढपाळ हाय, मला कशाचं भ्या?"

मी चिडून म्हणलं, "मंग म्होरं दिसत का न्हाय त्यो?"

"आवं, जल्मभर मेंढरं तुमीच हाकली. मेंढपाळ कळपाच्या मागनं चालतो ना?"

मी उठलो न् पुस्तक आणाय घरची येष्टी धरली.

आता खरं पुस्तक घेतलंय. मी म्होरं जातो. भाकरी झाकून ठेवलीया, खाऊन लगेच ये.

तिचा चष्मा न्यायचा होता. ही चिठ्ठी लिवताना मी त्याच्यावरच बसलो. आता मलाच वाचून दाखवावं लागंल.

आबा