मोकळं नाव

४ फेब्रुवारी

पोचले बाई एकदाची. होडीत तीन तास बसून कंबरेचा पार भुगा झाला, पण धक्क्यावर मिंदू बाळाला झोळीत घेऊन उभी दिसली आणि कंबर कुठल्या कुठे गेली. लेक वाळलीय. बाळ मात्र लोण्याचा गोळा. वीस दिवसांचं आहे, अजून नाव ठेवलेलं नाही, म्हणून सध्या अळी. आमच्यात नाव पडेपर्यंत बाळाला अळीच म्हणायचं. गोड हाक मारली की ज्याला ऐकू जाऊ नये त्यालाही जाते. मी तर दिवसभर अळे, अळे करत त्याच्या टाचा हुंगत बसले. मिंदू म्हणाली, आई, खाऊन टाक एकदाचं.

ही वही गावाकडच्या दवाखान्याच्या पडवीत शिकवणाऱ्या बाईंनी दिली. साठीनंतर अक्षरं शिकले मी. आकडे काही डोक्यात शिरले नाहीत. बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिही, नाहीतर विसरशील. माझ्या कुठल्या चार ओळी होणार!

६ फेब्रुवारी

मलाही काम मिळालं! मिंदू बाळंतीण, तेव्हा तिच्या जागी रोपवाटिकेत मी. मुकादम रेंग्गी आपल्याच नदीचा, पोट सुटलेला, सारखी चेष्टा. म्हणाला, आजी, तुझ्यापेक्षा जुनी तर इथं फक्त झाडं उरलीत.

तीही कुठं उरलीत म्हणा. समोरचा डोंगर ओंडकेवाल्यांनी बोडका केलाय, तो परत रानाने झाकायचाय. यंदा सहा वर्षांनी एंगकाबांगचं झाड फळलंय. पंखवाल्या बिया गरगरत खाली येतात, अंगणभर. लहानपणी आम्ही या बियांचं तूप काढून बांबूच्या नळीत भरायचो. गरम भातावर ठेवलं की वितळायचं, वरून मीठ. सेंदी, माझी बहीण, बोट चाटून परत त्याच नळीत घालायची आणि मार खायची. असो. ही बी ठेवून चालत नाही, आठवड्यात पेरली नाही तर मेली.

माझी ओळ एकेचाळीस पिशव्यांची. प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला, त्यावर खिळ्याने आकडा कोरायचा. माझा सहा आणि नऊ सारखाच. रेंग्गी म्हणाला, तुला ओळखता येईल असं काहीही लिही. मग मी नावं लिहिली. आमच्या जुन्या लांबघरातली, एका लांब छपराखाली राहिलेली सगळी गेलेली माणसं. घर मोडलं, पोरं शहरात पांगली, त्यांची नावं पुढे कोणी लावली नाहीत. मला वाईट वाटायचं. आज एकेकाला मातीत बसवलं. लांतिंग मामा, जो नदीत बुडाला. सेंदी. दुंगात, माझा नवरा. त्याची पिशवी मी उन्हाच्या बाजूला ठेवली, थंडी बाधायची त्याला.

बरोबर चाळीस भरले. शेवटच्या पिशवीवर रेंग्गीने स्वतः बिल्ला लावला. ज्याची ओळ त्याचं नाव टोकाला, अशी इथली रीत. पत्र्यावर रियोंग असं कोरलेलं. जन्मात पहिल्यांदा माझं नाव कुठंतरी लागलं! मिंदूला ओढत नेऊन दाखवलं.

२१ फेब्रुवारी

सगळी उगवली! चाळीसच्या चाळीस. बाकी बायकांची निम्मी कुजली. फक्त माझ्या नावाची पिशवी कोरडी ठणठणीत. रेंग्गी म्हणतो, आजी, तुझी मेलेली माणसं माझ्या जित्या माणसांपेक्षा कामाची.

गंमत म्हणजे सेंदी डावीकडे कलून वाढतेय. सेंदी डाव्या पायाने लंगडी होती. मी दोनदा काडी लावली, तरी कललीच.

आज रानात गेले होते. उरलेल्या मोठ्या झाडाखाली बोटभर रोपं दाटीने उभी. रेंग्गीने सांगितलं, यातली काही दहा वर्षांची आहेत. वाढत नाहीत, मरतही नाहीत. वरचं म्हातारं पडलं, उजेड आला, की मग सुटतात. मी म्हटलं, म्हणजे सगळी टपून बसलीत की. आम्ही खूप हसलो.

८ मार्च

कोरडा दिवस, पाऊस नाही. तरी लांतिंग मामाची पिशवी काठोकाठ पाण्याने भरलेली. मी ओतून टाकली. दुपारी परत भरलेली.

दुंगातच्या प्रत्येक पानाला कडेला एकच खाच. त्याच्या कानाला होती तशी, कोंबड्याने टोचलेली. किडीचं काम असेल, रेंग्गी म्हणतो.

अळी दूध कमी पितोय.

१५ मार्च

आज नाव ठेवायचं होतं. भाताचे तीन गोळे मांडले, एकेका गोळ्याला एकेक गेलेल्या माणसाचं नाव. कोंबडा ज्याला चोच लावेल ते नाव बाळाचं. ते माणूस बाळात परत येतं, आपलं बळ घेऊन. मिंदूच्या मनात दुंगात, तिचा बाप.

कोंबडा दोन दिवसांचा उपाशी. भाताकडे पाठ फिरवून तरातरा रोपवाटिकेत गेला. माझ्या ओळीत. दुंगातच्या पिशवीपाशी उभा राहिला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एक नाव, एक बाळ. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. मी सगळी नावं वाटून बसले. रोपांना. नातवासाठी एकही ठेवलं नाही.

मिंदू म्हणाली, आई, ती झाडं आहेत. ती शहरात शिकलेली. तिला कोंबडा कसा चालत गेला ते दिसलं नाही.

२४ मार्च

रोपं गुडघ्याला लागली. दीड महिन्यात कधी होतात का? रेंग्गी सगळ्यांना आणून दाखवतो.

अळीला सुतळीने मोजलं. जन्मला तेव्हा होता तेवढाच. दवाखान्यात नेलं. वजन करून म्हणाले, पाजा. मिंदू पाजतेच आहे. तो तोंड फिरवतो, कोंबड्यासारखा.

माझा उजवा पाय जड झालाय. वय.

२८ मार्च

सगळी चाळीस मिंदूच्या झोपडीकडे कलली. उजेड डोंगराच्या बाजूला आहे. ती इकडे—

ठरवलं. उद्या दुंगातला उपटायचं. दुसऱ्यांदा मारायचं त्याला. नाव मोकळं होईल. तो समजून घेईल, नातवावर जीव लावणारा माणूस होता. त्याने नातू बघितलाच नाही म्हणा.

२९ मार्च

ओळ रिकामी.

रेंग्गीने पहाटेच होडीत भरून नेली. सगळ्यात चांगली आधी लावायची, म्हणाला, तुझाच मान, आजी. डोंगरावर हजारोंमध्ये लावून आलाय. मी विचारलं, बिल्ले? त्याने बिल्ल्यांची थैली हलवून वाजवून दाखवली. पुढच्या खेपेला लागतात, म्हणून काढून आणले.

पानाला खाच असलेलं शोध म्हटलं. तो म्हणाला, आजी, आता सगळ्यांच्याच पानांना खाचा आहेत.

३१ मार्च

अळी रडत नाही. नुसता बघतो. मिंदूने काल पहिल्यांदा मला विचारलं, "आई, आता कुठलंच नाव उरलं नाही का गं?"

उरलंय. एक आहे. त्या घरातली शेवटची मीच. वरचं म्हातारं पडलं की उजेड येतो. मला भीती नाही. उलट बरं वाटलं, नातवाच्या अंगात परत येईन, त्याच्या टाचा माझ्याच होतील. उद्या नदीला जाईन. लांतिंग मामा गेला तिथंच.

१ एप्रिल

नदीला निघाले. पाय उचलेना. ओळीच्या टोकापर्यंतच आले.

माझी पिशवी तिथंच आहे. रिकामी म्हणून नेली नव्हती.

उगवलीय.

रियोंग. पत्र्यावर. जित्या माणसाचं नाव दुसऱ्याला दिलं तर ते माणूस जातं— मला ठाऊक होतं, मी मिंदूला ओढत नेऊन दाखवलं— आणि नावही गेलं. माझंही. मी मेले तरी बाळाला—

दोन पानं आहेत. माझा उजवा हात आता—

डाव्याने लिहितेय. उपटलं तर? तेही मरेल, मीही. नाव मोकळं. उपटते. मिंदू, मी पडले की थांबू नकोस, कोंबडा नको, भात नको, लगेच त्याच्या कानात रियोंग म्हण— रडत बसू नकोस, आधी हाक—

चार पानं—

मिंदू झोपडीत रडतेय. एवढ्या मोठ्याने का रडतेय, मी अजून उपटलं नाही, अजून