आंब्याच्या बागेपलीकडची जागा

अण्णा, आज फार दमले आहे. वर्गात पुन्हा तोच विषय शिकवून आले, बाह्य परिणाम. इतक्या वर्षांत तो तोंडपाठ झाला आहे. व्यवहार दोघांचा, फायदा दोघांचा आणि झळ त्या व्यवहारात कुठेच नसलेल्या तिसऱ्याला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅम, वो तीसरा वहाँ से चला क्यों नहीं जाता?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. तिला ते पटलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. घरी येऊन चहा ठेवला आणि तो उकळेपर्यंत तुमच्याशीच बोलत राहिले. मग म्हटलं, लिहूनच काढावं. पाठवायचा प्रश्न नाहीच, तुम्हाला जाऊनही आता किती काळ लोटला.

आपली कॉलनी नदीच्या वरच्या अंगाला होती. तुम्ही साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट. संध्याकाळी तुम्ही घरी येता तेव्हा शर्टाला मळीचा गोडसर, आंबूस वास असतो आणि आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवते. आपल्या वाट्याला एवढाच वास. बाकीचा सगळा, आणि ते काळं पाणी, खालच्या गावाकडे जायचं. मी शाळेत असताना एकदा त्या गावातली माणसं मेलेले मासे घमेल्यांत भरून कारखान्याच्या गेटवर आली. मोठे साहेब आतच बसले आणि बोलायला तुम्हाला पुढे केलं. त्या दिवशी जेवताना मी म्हणाले, वर्गातली मुलं म्हणतात की तुझे वडील मासे मारतात. तुम्ही ताटावरून मान वर केली नाहीत. "तुझी फी, तुझी पुस्तकं, हा भात, सगळं त्याच पाण्यावर चाललंय. पुन्हा हा विषय या घरात नको." आई वाढता वाढता थांबली. मी पुढे अर्थशास्त्र घेतलं ते त्या वाक्यावर चिडून, हे तुम्हाला कळलं होतं का, कोण जाणे. तुम्ही गेल्यावर आईने सांगितलं की पाणी साफ करायची सोय करा म्हणून तुम्ही वरच्यांच्या मागे लागला होतात, आणि शेवटी त्यांनी तुम्हाला दोनच पर्याय ठेवले होते, नोकरी किंवा गप्प बसणं. मला आधी कळतं तर मी तुमच्याशी वेगळं वागले असते, असं वाटतं. खरंच वागले असते का, ते सांगता येत नाही.

इथे चंदीगडात गेल्या वर्षी आमच्यावर वेळ आली. या शहराचा सगळा कचरा पश्चिमेच्या टोकाला एका गावाशेजारी टाकतात. त्याचा डोंगर झाला आहे. उन्हाळ्यात तो आतून धुमसतो. तिथली माणसं खोकत खोकत सेक्टर ३२च्या दवाखान्यात येतात आणि तुमचे जावई त्यांना तपासून घरी आले की आधी खिडक्या लावून घेतात. थोडा भार कमी व्हावा म्हणून ओल्या कचऱ्याचं खत करणारा एक प्रकल्प आमच्या सेक्टरच्या कडेला, आंब्याच्या बागेपलीकडे करायचं ठरलं. मग एका रविवारी शेजारीपाजारी आमच्या बैठकीत जमले. खालच्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल मूळचे नागपूरचे, या परक्या गावात आमचा मोठा आधार. मुलीला शाळेच्या बसपर्यंत कितीदा तरी त्यांनी सोडलं आहे. ते म्हणाले, "वहिनी, हरकत तुम्हीच लिहा. तुम्ही या विषयातल्या आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे." मी पोहे पुढे केले आणि म्हणाले, जनसुनावणीला येते, तिथे बोलेन.

सुनावणी कम्युनिटी सेंटरात होती. आमच्या सेक्टरचे लोक एकामागून एक उठले. वास येईल, माश्या होतील, फ्लॅटला गिऱ्हाईक मिळणार नाही. कुणी खोटं बोलत नव्हतं. त्या गावातूनही काही जण आले होते, मागे भिंतीला टेकून उभे. त्यांच्यातल्या एका बाईला बोलायला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "रोटी साड्डे घर वी पकदी ऐ जी." पोळ्या आमच्याही घरी भाजल्या जातात. आणि पुन्हा भिंतीला टेकली. नंतर माझं नाव पुकारलं गेलं. मी म्हणाले, कचरा आपला आहे, तो कुणाच्या तरी दारात जाणारच, तर थोडा आपल्या दारात यावा, झाकलेला असावा, देखरेख आपण ठेवू. माझा आवाज मलाच लहान वाटत होता. कर्नल माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, ओळख पटत नसल्यासारखे.

घरी मुलगी वाट पाहत होती. "मम्मा, आप क्यों बोलीं? सब हमसे नाराज़ हैं." मी मराठीत समजावत राहिले, ती हिंदीत भांडत राहिली, मग दार लावून बसली. यांनी कुकर लावला. सकाळी फिरायला जाताना सोबत असायच्या त्या बायका वेळ बदलून जाऊ लागल्या. दिवाळीला कर्नलांकडे फराळाचं ताट घेऊन गेले. त्यांनी ते दारातच घेतलं, आत या म्हणाले नाहीत. अण्णा, स्वच्छ हवा सगळ्यांचीच असते म्हणून तिच्यासाठी कुणीच पुढे होत नाही, हे मी फळ्यावर सहज लिहिते. पुढे झालं की काय होतं, ते लिहायला तिथे जागा नसते. आणि तुम्ही त्या गेटवर उभे होतात तेव्हा तुमच्या मागे कोण होतं?

शेवटी प्रकल्प झालाच नाही. यंदाच्या पावसाळ्यानंतर कळलं की विरोध फार आहे म्हणून प्रस्ताव बाजूला ठेवला. कचरा जायचा तिथेच जातो. कर्नल आता जिन्यात भेटले की पुन्हा मुलीचा अभ्यास विचारतात. विद्यापीठातले सहकारी म्हणतात, तुम्ही एकट्या तरी उभ्या राहिलात. मी मान डोलावते.

प्रस्ताव बारगळल्याची बातमी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. खिडकी उघडी होती, बागेकडून चांगला वारा येत होता. मला हायसं वाटलं, अण्णा. हे अजून यांनाही सांगितलेलं नाही.