छापताना झालेली चूक नव्हे

आई,

जेवण झाकून ठेवलंय. मी आत्याकडे राहायला जातेय. संध्याकाळी मोठे काका आले की त्यांना खुशाल सांग, लपवू नकोस.

काकांच्या सत्काराच्या मानपत्रात छापताना चुका राहिल्या, असं बाबा कालपासून सगळ्यांना फोन करून सांगतायत. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, आई. माझ्या नजरेतून वेलांटीसुद्धा निसटत नाही. ‘मितभाषी’च्या आधी मीच ‘अ’ लावला, कारण काका बोलायला लागले की समोरच्याची दाढी वाढते. ‘अष्टावधानी’चं ‘नष्टावधानी’ केलं, कारण ते अजून मला धाकटीच्या नावानं हाक मारतात. आणि ‘कर्तव्यदक्ष’चं ‘कर्तव्यभक्ष’ केलं ते आत्यासाठी. दुसरं लग्न केलं म्हणून सख्ख्या बहिणीला दार बंद केलं, काल सत्कारालाही बोलावू दिलं नाही. भावाचं कर्तव्य गिळून ढेकरही दिला नाही त्यांनी!

मी माफी मागणार नाही. ‘चुकून झालं’ असंही म्हणणार नाही. त्यांनी आत्याला नुसता एक फोन करावा, मी नवं मानपत्र काना-मात्रेसकट बिनचूक छापून देते.

निवेदक ‘कर्तव्यभक्ष’ म्हणाला तेव्हा सभागृहात सगळ्यांच्या आधी कुणीतरी फस्सकन हसलं. ते हसू मी ओळखलं, आई. बाबांना नाही सांगणार. पण आत्याला आजच सांगणार आहे. इतकी वर्षं तिला वाटतंय, या घरात तिच्या बाजूचं कुणीच नाही.

तुझी थोरली