आधी खोड, मग दावं

सोनई, शनिवार

प्रिय आबा,

शिवलेलं काळीज किती वर्षं टिकतं, असं तुम्ही मागच्या आठवड्यात मला विचारलंत. घरातली पहिली पदवीधर, त्यातून बी.एस्सी.; पण मला सांगता आलं नाही. छबूआत्याने मात्र लगेच सांगितलं, धुण्यात आपटलं नाही तर पुष्कळ.

चौथ्या वर्षी माझ्या हृदयातलं भोक डॉक्टरांनी बुजवलं. तेव्हापासून आईने मला भरली घागर उचलू दिली नाही, आणि मीही घागर दिसली की छातीला हात लावायला शिकले. चिंचेवर चढताना तो हात मोकळा असायचा, हे आज कबूल करते. दरवर्षी आपण तपासणीला नगरला जायचो, येताना तुम्ही भेळ खाऊ घालायचात. मी वयात आले आणि ते थांबलं. फाइल कुणी पाहिली तर स्थळं येणार नाहीत, म्हणून ती ज्वारीच्या कोठीत गेली.

आबा, घोडेगावच्या बाजारात एवढी गिऱ्हाइकं तुमच्याचकडे का येतात? गाय लाथ मारत असेल तर दावं हातात देण्याआधी तुम्ही सांगता. मागे एकदा तर खोड इतकी रंगवून सांगितलीत, की तो माणूस गाय न घेता तुम्हाला चहा पाजून गेला. आणि श्रीगोंद्याचे पाहुणे मला बघायला आले तेव्हा? “पोरीला कधी साधी सर्दी बी न्हाई,” म्हणालात. नेमकी तेव्हाच मला शिंक आली. एक नाही, चार. नवऱ्या मुलाने, अजिनाथरावांनी, मोजल्या असाव्यात, हसत होते. मला मात्र तुमच्याकडे बघवेना.

मंगळवारी ग्रंथालयात जाते म्हणाले आणि फाइल घेऊन नगरला गेले. डॉक्टरीणबाई आधी रागावल्या. मग म्हणाल्या, भोक नीट बुजलंय, पण एका झडपेतून थोडी गळती आहे. आज औषध नको, मात्र दरवर्षी दाखवायचं आणि मुलाचा विचार करण्याआधी त्यांना भेटायचं. तुमचा प्रश्न मी त्यांनाही विचारला. आकडा त्यांनीही दिला नाही. बघत राहिलं की टिकतं, म्हणाल्या.

उद्या सुपारी फुटायची आहे. फाइल नीट दडली आहे ना, हे चाचपायला तुम्ही कोठीत हात घालणारच, तेव्हा हे पत्र लागेल. फाइल तिथे नाही. आज सकाळच्या एसटीने श्रीगोंद्याला जाऊन मी ती नव्या रिपोर्टसकट अजिनाथरावांच्या हातात दिली. ते वाचत होते. परतीची गाडी सुटत होती म्हणून मी उत्तराला थांबले नाही. दावं अजून तुमच्याच हातात आहे. खोड तेवढी मी सांगून आले.

तुमचीच, तुमच्याच रीतीची,
राजनंदिनी