लेकीबरोबर दीपगृहात

आमच्या घरच्या सरकारांना सप्रेम नमस्कार.

मी मजेत आहे, गोळ्या वेळेवर घेतो. तुझी कंबर कशी आहे? फोनवर बोलताना लेक शेजारीच बसलेली असते, म्हणून हे पत्र.

रविवारी तिने मला इथलं दीडशे वर्षांचं दीपगृह दाखवलं. आत गोल जिना आहे, एकशे ब्याण्णव पायऱ्यांचा. मी न थांबता चढत होतो. अर्ध्या वाटेत तीच भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

"दम लागला का गं?" मी विचारलं.

"बाबा, तुमचे जावई टूरवर नाहीत. दोन महिने झाले घर सोडून गेलेत. आईला सांगू नका."

मागून माणसं येत होती. आम्ही अंग चोरून त्यांना वाट दिली. मग मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर घरी."

"माझी नोकरी आहे इथे. मी का पळू?" असं म्हणून ती उठली आणि भराभरा चढायला लागली. वरून समुद्र छान दिसतो म्हणे. मला काही दिसलं नाही.

तेव्हापासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरतोय. ती कामावर गेली की धुतलेली भांडी पुन्हा धुतो. तुझ्यापासून काय लपवायचं? पण तुला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस.

परतीचं तिकीट तुला न विचारता महिनाभर पुढे ढकललंय, रागावू नकोस. तिला म्हटलं, इथली हवा मला मानवते. तिने माझ्या ताटात न विचारता आणखी वाढलं.

जप स्वतःला.

तुझाच,
अजून महिनाभर परगावी